खेळण्यातील वीट आणि प्रकाशाचे गणित



डेन्मार्क देशातील बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्तियान्सेन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी तयार करण्याचा उद्योग आरंभिला. पुढे 'लेगो' या नावाने जगभर पोहोचलेली प्लॅस्टिकची वीट याच उद्योगातून निघाली. माथ्यावर गोल गुंड्या आणि पोटात पोकळ नळ्या अशी तिची आजची रचना आहे. या रचनेच्या एकस्वासाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज करण्यात आला. त्या सुमारास घडविलेली वीट आज घडविलेल्या विटेवर घट्ट बसते, यावरून तिच्या मापांची काटेकोरता ध्यानी यावी.

या लेखाचा विषय मात्र ती वीट नव्हे, तिचे चित्र हा आहे. हल्ली अनेक हौशी मंडळी या विटांच्या इमारती, पूल, आगगाड्या आणि जहाजे संगणकाच्या पडद्यावरच रचतात. एकही वीट हाती न घेता रचलेल्या अशा प्रतिकृतीचे मग असे चित्र तयार करतात की, ते छायाचित्र आहे की गणिताने घडविलेले आहे, हे पाहणाऱ्यास चटकन सांगता येऊ नये. संगणकात साठविलेल्या आकृतीवर कल्पनेतला प्रकाश पाडून तिचे चित्र गणिताने तयार करणे, या क्रियेस 'रेंडरिंग' म्हणतात. आपण तिला 'चित्रांकन' म्हणू. हे चित्रांकन उत्तम कसे साधते आणि त्यासाठी प्रथम काय शिकावे लागते, याचा विचार आपण येथे क्रमाने करू.

अक्षरांत लिहिलेली वीट

संगणकास वीट दिसत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. तेव्हा वीट आकड्यांत कशी लिहावी, हा पहिला प्रश्न. ऑस्ट्रेलियातील जेम्स जेसिमन या तरुणाने १९९५ साली 'एलड्रॉ' नावाची आज्ञावली तयार करून या प्रश्नाचे फार सोपे उत्तर दिले. त्याच्या पद्धतीत प्रतिकृतीतील प्रत्येक विटेसाठी साध्या मजकुराची एकच ओळ लिहावी लागते. उदाहरणार्थ, ही ओळ पाहा:

१ ४ ० ० ० १ ० ० ० १ ० ० ० १ ३००१.डॅट

प्रथमदर्शनी ही ओळ गूढ वाटते. पण उलगडली म्हणजे पाढ्यांहूनही सोपी आहे. पहिला १ म्हणजे 'येथे एक तुकडा ठेवा' ही आज्ञा. त्यापुढचा ४ म्हणजे तांबडा रंग. नंतरची तीन शून्ये विटेची जागा सांगतात: डावी-उजवीकडे किती, वर-खाली किती आणि पुढे-मागे किती. त्यापुढील नऊ आकडे वीट कशी फिरवून ठेवायची ते सांगतात. येथे ती मुळीच फिरविलेली नाही. शेवटी विटेचे नाव येते. ३००१ म्हणजे दोन गुंड्या रुंद आणि चार गुंड्या लांब अशी सर्वांच्या परिचयाची वीट.

या पद्धतीतील मापाचे एकक ०.४ मिलिमीटर इतके आहे. एका गुंडीची जागा २० एकके रुंद, म्हणजे ८ मिलिमीटर. आणि विटेची उंची गुंडी वगळून २४ एकके, म्हणजे ९.६ मिलिमीटर. पातळ पट्टीची उंची ८ एकके. म्हणून तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की एका विटेची उंची भरते. आता वरच्या ओळीतल्या विटेवर नेमकी दुसरी वीट ठेवायची असेल तर काय करावे? तीच ओळ पुन्हा लिहावी आणि जागेच्या तीन आकड्यांपैकी मधल्या शून्याच्या जागी उणे २४ लिहावे. उणे अशासाठी की, या पद्धतीत वरची दिशा ऋण मानली आहे. ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांनाही पाटीवर किंवा वहीत अशा दहा ओळी लिहून एक जिना रचता येईल.

जेसिमन १९९७ साली वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी मरण पावला. त्याचे काम मात्र त्याच्याबरोबर संपले नाही. त्याने आपली पद्धत गुप्त कुलपात न ठेवता कोणासही वाचता येईल अशा साध्या मजकुरात ठेवली होती. म्हणून देशोदेशींचे लोक ती पुढे नेऊ शकले. आज तिच्या संग्रहात हजारो तुकडे आहेत. प्रत्येक तुकडा कोणीतरी हाती घेऊन मोजला, आकड्यांत उतरविला आणि संग्रहात अधिकृतपणे दाखल होण्यापूर्वी इतरांनी तो तपासला. हे सारे काम स्वयंसेवकांनी वेतनाविना केले आहे. त्याच्या नावाने एक स्मृतिपुरस्कारही दिला जातो. ज्ञान उघड्यावर ठेवले म्हणजे ते माणसामागे उरते, याचे हे एक चांगले उदाहरण होय.

डोळ्याकडून दिव्याकडे

वीट लिहून झाली. आता तिच्यावर प्रकाश पाडावयाचा. निसर्गात दिव्यापासून किरण निघतात, वस्तूंवर आपटतात आणि त्यांतले थोडे आपल्या डोळ्यांत शिरतात. दिव्यापासून निघालेला प्रत्येक किरण संगणकाने मोजावयाचे ठरविले, तर बहुतेक श्रम वाया जातील. कारण बहुसंख्य किरण डोळ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून गणितज्ञांनी वाट उलटी केली. डोळ्यापासून निघावे, चित्रातील एका बिंदूतून पलीकडे जावे, कोणत्या वस्तूवर आपटतो ते पाहावे आणि तेथून दिव्याचा शोध घ्यावा.

ही उलटी वाट संगणकाहून फार जुनी आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२५ साली मापनविद्येवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एका काष्ठचित्रात दोन माणसे वीणेसारख्या एका तंतुवाद्याचे चित्र काढताना दिसतात. भिंतीतल्या खिळ्यापाशी ओवलेला एक दोरा लाकडी चौकटीतून नेऊन एक जण त्याचे टोक वाद्याच्या कडेवर टेकवितो. दोरा चौकटीत ज्या ठिकाणाहून जातो, ते ठिकाण दुसरा टिपून घेतो आणि कागदावर एक ठिपका देतो. खिळा म्हणजे डोळा, चौकट म्हणजे चित्र, दोरा म्हणजे किरण. असे ठिपक्यामागून ठिपके दिले की वाद्य कागदावर अवतरते. आजचा संगणक वस्तुत: हेच करतो; फक्त त्याच्या हाती असे कोट्यवधी दोरे असतात.

संगणकास ही युक्ती टप्प्याटप्प्याने शिकविली गेली. १९६८ साली आर्थर ॲपेल यांनी अशा किरणांच्या साहाय्याने वस्तूंची छायांकित चित्रे काढण्याची रीत मांडली. १९८० साली टर्नर व्हिटेड यांनी किरणास आरशावरून उलटण्याची आणि काचेतून वळण्याची मुभा दिली. काचेच्या गोळ्यांचे त्यांचे प्रसिद्ध चित्र तयार होण्यास त्या काळच्या संगणकास सुमारे सव्वा तास लागला होता. १९८६ साली जेम्स कजिया यांनी एकाच समीकरणात सारे गोवले: एखाद्या बिंदूवरून डोळ्याकडे येणारा प्रकाश म्हणजे तो बिंदू स्वत: देत असलेला प्रकाश आणि सर्व दिशांनी येऊन त्यावरून परतलेला प्रकाश यांची बेरीज. दिव्याचाच नव्हे, तर शेजारच्या पिवळ्या भिंतीवरून परतलेला पिवळसर उजेडही यात धरला जातो. तांबडी वीट पांढऱ्या कागदावर ठेवली असता तिच्या पायथ्याशी कागदावर जी तांबूस झाक पडते, ती याच बेरजेतून येते.

आता श्रमांचा हिशेब पाहा. अंगणातील रांगोळी जशी ठिपक्यांनी आखतात, तसे संगणकाचे चित्र बारीक चित्रबिंदूंनी बनते. नेहमीच्या ए-४ आकाराच्या कागदावर दर इंचास ३०० बिंदू छापावयाचे असतील, तर २,४८० गुणिले ३,५०८, म्हणजे ८६,९९,८४० बिंदू लागतात. प्रत्येक बिंदूतून २५६ किरण सोडले, तर एकूण २२२ कोटींहून अधिक किरण होतात. आणि प्रत्येक किरण वाटेत अनेकदा उलटतो. माणसास हे जन्मभर पुरणार नाही. संगणक ते काम काही मिनिटांत किंवा काही तासांत उरकतो.

प्लॅस्टिकचा स्वभाव

किरण विटेवर आपटला म्हणजे पुढे काय होते, हे विटेच्या पृष्ठभागावर अवलंबून असते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. चिंचेने घासलेल्या पितळी तांब्यावर तो एका दिशेने परततो आणि खिडकीचे प्रतिबिंब दाखवितो. पहिल्यास आपण अनियमित परावर्तन म्हणतो आणि दुसऱ्यास नियमित परावर्तन. लेगोच्या विटा १९६३ पासून एबीएस नावाच्या प्लॅस्टिकच्या बनतात. या प्लॅस्टिकमध्ये हे दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. काही प्रकाश वरच्यावर परततो. उरलेला आत शिरतो, रंगकणांत घोळतो आणि विटेचा रंग घेऊन बाहेर पडतो.

यातून एक मौजेची गोष्ट निघते. पितळेच्या तांब्यावरची चमक पिवळसर असते. पण तांबड्या विटेवरची चमक तांबडी नसते, ती दिव्याच्या रंगाची, म्हणजे बहुधा पांढरी असते. वरच्यावर परतलेला प्रकाश रंगकणांपर्यंत गेलेलाच नसतो, हे याचे कारण. नवशिके पुष्कळदा चमकेलाही विटेचाच रंग देतात आणि मग वीट प्लॅस्टिकची न दिसता रंगविलेल्या धातूची दिसू लागते.

दुसरी गोष्ट कोनाची. एबीएसचा अपवर्तनांक सुमारे १.५४ आहे. यावरून गणित केले तर समोरून सरळ पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा साडेचारच्या आसपास प्रकाश वरच्यावर परततो. पण दृष्टी पृष्ठभागाला जवळजवळ समांतर नेली की हे प्रमाण झपाट्याने वाढते आणि अगदी तिरकस कोनात बहुतेक सारा प्रकाश परततो. वीट डोळ्याच्या पातळीवर धरून तिच्या माथ्यावरून दूरच्या खिडकीकडे पाहिले, तर माथा आरशासारखा उजळतो. चित्रांकनात हा नियम पाळला नाही, तर वीट कागदी वाटते.

रंगाचे आकडेही फसवे असतात. संगणकात उजेडाची पातळी ० ते २५५ या आकड्यांत लिहितात. तेव्हा निम्मा उजेड म्हणजे १२७ किंवा १२८, असे कोणासही वाटेल. पण पडद्यासाठी हे आकडे सरळ प्रमाणात लिहिलेले नसतात. निम्म्या उजेडाचा आकडा सुमारे १८८ येतो आणि १२८ या आकड्यात उजेड जेमतेम शेकडा २२ असतो. रंगांच्या तक्त्यातून आकडा उचलून तो रूपांतर न करता प्रकाशाच्या गणितात घातला की रंग फिके व धुरकट दिसतात. चित्र बिघडले म्हणजे दिव्यांना दोष देण्याआधी हा हिशेब तपासावा.

निर्दोषपणाचा दोष

येथवर सर्व नियम पाळले, तरी पहिले चित्र बहुधा खोटे वाटते. असे का व्हावे? मापे बरोबर आहेत, रंग बरोबर आहेत, प्रकाशाचे समीकरणही बरोबर आहे. उणीव एकच: वीट फार निर्दोष आहे. गणितातल्या विटेची कड ही शून्य जाडीची रेषा असते. खऱ्या विटेची कड अगदी किंचित गोल असते. बोट फिरविले तर ती टोचत नाही. त्या बारीक गोलाईचा कोणता ना कोणता भाग दिव्याकडे वळलेला असतो, म्हणून प्रत्येक कडेवर प्रकाशाची केसाएवढी रेघ उमटते. शून्य जाडीच्या कडेवर प्रकाश थांबणार कोठे? कडा किंचित गोल केल्या की चित्रात एकदम जीव येतो. सर्व सुधारणांत हीच सर्वांत मोलाची, असे आम्हांस वाटते.

दुसरी बाब फटीची. दोन गुंड्या रुंद आणि चार गुंड्या लांब वीट हिशेबाने १६ गुणिले ३२ मिलिमीटर भरावी. प्रत्यक्षात ती १५.८ गुणिले ३१.८ मिलिमीटर असते. शेजारी शेजारी विटा सहज बसाव्यात म्हणून प्रत्येक बाजूस ०.१ मिलिमीटर जागा सोडलेली असते. एलड्रॉच्या संग्रहातील वीट मात्र पूर्ण मापाची असते. म्हणून अशा दहा विटांची भिंत चित्रात एकसंध ठोकळ्यासारखी दिसते. चित्रांकनापूर्वी प्रत्येक वीट केसभर लहान करावी, म्हणजे सांध्यांत बारीक काळी रेघ दिसू लागते आणि भिंत विटांची आहे हे डोळ्यास पटते.

तिसरी बाब गुंडीवरील अक्षरांची. खऱ्या विटेच्या प्रत्येक गुंडीवर कंपनीचे नाव उठावदार अक्षरांत असते. संग्रहातील साध्या गुंडीवर ते नसते, कारण त्यामुळे आकड्यांचा भार फार वाढतो. दूरच्या चित्रात त्याची उणीव भासत नाही. पण जवळच्या चित्रात कोरी गुंडी लगेच डोळ्यांत भरते. म्हणून चित्र किती जवळून घ्यावयाचे, हे आधी ठरवून मग ही अक्षरे घालावीत.

चौथी बाब वापराच्या खुणांची. मुलांच्या हाताळणीतील विटेवर बारीक ओरखडे असतात, बोटांचे ठसे असतात, सपाट दिसणारी बाजू किंचित उंचसखल असते. आणि भिंतीतील सर्व विटा अगदी एका ओळीत बसलेल्या नसतात. २०१४ साली 'द लेगो मूव्ही' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचे संगणकीय काम सिडनी येथील ॲनिमल लॉजिक या संस्थेने केले होते. त्यातील विटांवर ओरखडे, ठसे आणि साच्याच्या सांध्यांच्या खुणा मुद्दाम दाखविल्या आहेत. त्यामुळे पाहणाऱ्यास आपण खरी खेळणीच पाहत आहोत असे वाटते. मात्र येथेही प्रमाण हवे. स्वयंपाकात मीठ घालावे तशा या खुणा घालाव्यात. त्या वेगळ्या दिसू लागल्या की बेत बिघडला असे समजावे.

दिवा, सावली आणि अंतर

आता दिव्यांकडे वळू. प्रकाशाचा उगम बिंदूएवढा असेल तर सावलीची कड धारदार होते. तो मोठा असेल तर गडद प्रच्छायेभोवती फिकट उपच्छाया पसरते. ग्रहणाच्या धड्यात शिकलेले हे दोन शब्द येथे नेमके उपयोगी पडतात. संगणकातला साधा दिवा बिंदूएवढा असतो, तर घरातील उजेड बहुधा खिडकीतून किंवा भिंतीवरून येतो. म्हणून बिंदूच्या दिव्याऐवजी एक मोठा प्रकाशमान चौकोन ठेवावा. विटेजवळ सावली गडद व रेखीव आणि दूर जाता जाता मऊ होते, आणि वीट जमिनीवर खरोखर टेकलेली दिसते.

विटेच्या चकचकीत पृष्ठभागात काहीतरी प्रतिबिंबित व्हावे लागते, हेही विसरू नये. भोवताली काळा अंधार असेल तर विटेस परतविण्यासारखे काहीच उरत नाही आणि ती निस्तेज दिसते. यासाठी खऱ्या खोलीचे किंवा आकाशाचे सर्व बाजूंनी घेतलेले छायाचित्र प्रतिकृतीभोवती घुमटासारखे पसरण्याची रीत आहे. अशा छायाचित्रात अंधाऱ्या कोपऱ्यापासून तळपत्या सूर्यापर्यंत उजेडाच्या सर्व पातळ्या नोंदलेल्या असतात, आणि तेच चित्र दिव्याचे काम करते.

कॅमेरा कोठे ठेवावा, यासही महत्त्व आहे. दहा सेंटिमीटरच्या वस्तूचे जवळून छायाचित्र घेतले तर पुढचा भाग स्पष्ट आणि मागचा अंधुक येतो. चित्रांकनात पुढचे मागचे सारे सारखेच स्पष्ट ठेवले, तर खेळणे मोठ्या इमारतीएवढे भासते. मागचा भाग किंचित अंधुक केला की ते पुन्हा हातात मावेल एवढे होते. कोणता भास हवा, हे चित्र काढणाऱ्याने आधी ठरवावे.

दाणे आणि धीर

चित्रांकन सुरू झाले की प्रथम चित्रावर वाळू शिंपडल्यासारखे दाणे दिसतात. प्रत्येक बिंदूतून थोडेच किरण गेलेले असतात आणि ते यदृच्छेने निवडलेले असल्यामुळे शेजारच्या दोन बिंदूंची उत्तरे जुळत नाहीत. किरण वाढवावे तसे दाणे कमी होतात, पण ते वर्गमुळाच्या नियमाने. दाणेदारपणा निम्मा करावयाचा तर किरण चौपट हवेत; एक-दशांशावर आणावयाचा तर शंभरपट. म्हणून ६४ किरणांचे चित्र दोन मिनिटांत होत असेल, तर त्याच्या निम्म्या दाण्यांच्या चित्रास आठ मिनिटे द्यावी लागतील. आज हे दाणे पुसून टाकणाऱ्या आज्ञावल्याही मिळतात. पण फार थोड्या किरणांवर त्यांचा हात फिरविला तर दाण्यांबरोबर गुंडीवरची अक्षरे आणि कडेवरची प्रकाशरेघही पुसट होते. तेव्हा रचना, दिवे आणि रंग यांचे प्रयोग लहान आकाराच्या, कमी किरणांच्या चित्रांवर करावेत, आणि सर्व मनासारखे झाल्यावर मोठे चित्र रात्रभर चालू ठेवावे, हा मार्ग उत्तम.

या कामाची साधने विकत घ्यावीच लागतात असे नाही. एलड्रॉचा संग्रह विनामूल्य आहे. त्यावर प्रतिकृती रचण्यासाठी 'लिओकॅड'सारखी आज्ञावली आहे, आणि चित्रांकनासाठी 'पोव्ह-रे' व 'ब्लेंडर' या आहेत. 'स्टुडिओ' नावाच्या आज्ञावलीत तर रचना आणि चित्रांकन दोन्ही एकाच ठिकाणी होतात. विटांचे डबे महाग असतात. ते सर्वांनाच परवडत नाहीत. संगणकातील पेटीत मात्र विटा कधी संपत नाहीत. ज्या मुलाने एकही वीट विकत घेतलेली नाही, त्यालाही शाळेच्या संगणकावर दहा हजार विटांचा किल्ला रचता येईल. आम्हांस या विद्येचे अगत्य वाटते ते प्रामुख्याने याच कारणासाठी.

चित्राचा प्रामाणिकपणा

तथापि, ज्या विद्येने खोटी वस्तू खरी भासते, तिच्याबरोबर एक जबाबदारीही येते. संगणकात दोन विटा एकाच जागी शिरू शकतात. तो त्यांना अडवीलच असे नाही. आधाराविना वीट हवेत लटकू शकते. जो तुकडा ज्या रंगात कधी घडविलाच गेला नाही, तो त्या रंगात दाखविता येतो. पाहणारा मात्र चित्रावर विश्वास ठेवतो, आणि कोणी ते पाहून खऱ्या विटांनी तीच इमारत उभारू लागला तर ती मध्येच कोसळते. म्हणून या क्षेत्रातील जाणती मंडळी तीन पथ्ये पाळतात. रचना प्रत्यक्षात जुळेल अशी असावी. तुकडे आणि त्यांचे रंग उपलब्ध असलेले असावेत. आणि चित्राखाली ते संगणकीय चित्र आहे असे स्पष्ट लिहावे. खऱ्यासारखे दिसणारे चित्र काढणे ही कला होय. पण त्यास खरे म्हणून खपविणे ही लबाडी ठरते.

हे पथ्य आजच्या काळात अधिकच मोलाचे आहे. डोळ्यांस जे दिसते ते घडलेलेच असेल, अशी खात्री आता चित्रावरून देता येत नाही. असे चित्र स्वत: घडवून पाहिलेला विद्यार्थी दुसऱ्याच्या चित्राकडेही सावधपणे पाहू लागतो. प्रकाश कोणत्या बाजूने येत आहे, सावली त्याच्याशी जुळते काय, चमकेचा रंग योग्य आहे काय, वस्तू जमिनीवर टेकली आहे काय, हे प्रश्न तो आपोआप विचारतो. केवळ खेळण्याच्या निमित्ताने ही परीक्षक दृष्टी लाभत असेल, तर तो लाभ थोडा नव्हे.

सारांश, चित्रांकनात गणित लागते, यंत्र लागते आणि धीरही लागतो. पण या सर्वांच्या आधी लागते ते निरीक्षण. कडेवरची केसाएवढी रेघ कोणत्याही यंत्राने आपण होऊन शोधली नाही. कोणीतरी वीट उजेडात धरून ती पाहिली, तेव्हा ती चित्रात आली. म्हणून आमची वाचकांस एवढीच सूचना आहे. घरी वीट नसेल तर प्लॅस्टिकची डबी, कंगवा किंवा सदऱ्याचे बटण घ्यावे. ते खिडकीपाशी धरून हळूहळू फिरवावे. चमक कोठे सरकते, तिचा रंग कोणता, कड कोठे उजळते, सावली कोठे मऊ होते, हे वहीत टिपावे. मग तेच दिव्याखाली करावे आणि दोन्ही नोंदी ताडून पाहाव्यात. एवढे ज्याने मनापासून केले, त्याचे चित्रांकनाचे अर्धे शिक्षण संगणकास हात लावण्यापूर्वीच पूर्ण झाले, असे समजण्यास हरकत नाही.